बीसीएम गेला म्हणतात, पण बदलण्याआधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी सात वर्षं वापरलेली, गेले दोन-तीन महिने रिमोटने उघडली की थोड्या वेळाने आपोआप परत लॉक होते, आतला छताचा दिवा कधी कधी विझतच नाही, दोन दिवस उभी ठेवली की बॅटरी उतरते, मागचा उजवा इंडिकेटर मधेच भराभर मारायला लागतो, आणि वायपर कोणी हात न लावता एखादा फेरा मारून जातो. स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला तर यू ०१४० आणि दोन-तीन बी कोड आले आणि तेवढ्यावरून सांगितलं गेलं की बीसीएम, म्हणजे लाइट, लॉक, वायपर सांभाळणारा बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाचा छोटा कॉम्प्युटर, गेलाय, नवीन टाका. हे खरं आहे का, एवढंच विचारलंय.

माझं उत्तर आधी सांगून टाकतो. ह्या माहितीवरून बीसीएम गेलाय असं म्हणताच येत नाही. मी बरीच वर्षं गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतोय आणि बीसीएम खराब म्हणून माझ्याकडे आलेल्या बहुतेक गाड्या त्याच जुन्या बीसीएमवर चालत परत गेल्यात. दोष निघतो तो दारातल्या तुटलेल्या वायरीत, गंजलेल्या अर्थिंगमध्ये (करंट पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायची वाट), नाहीतर कप्लरमध्ये (वायरी जोडायचा प्लगसारखा जोड) शिरलेल्या पाण्यात. म्हणून जरा सविस्तर लिहितो, म्हणजे तुम्ही स्वतः मीटर धरलात किंवा दुसऱ्याकडून काम करून घेतलंत तरी नेमकं काय बघायचं ते कळेल.

आधी बीसीएम करतो काय ते. पूर्वीच्या गाडीत हेडलाइटचं बटन दाबलं की बल्बचा सगळा करंट त्या बटनातून नाहीतर रिलेतून (विजेवर चालणारं स्विच) जायचा, वायर धरून चालत गेलं की दोष सापडायचा. आता बटन फक्त निरोप देतं. दाराचं स्विच, वायपरचा दांडा, रिमोट, ब्रेकचं स्विच हे सगळे बीसीएमला निरोप देतात, बीसीएम ठरवतो काय करायचं, आणि मग त्याच्यातला ड्रायव्हर (करंट चालू-बंद करणारं इलेक्ट्रॉनिक स्विच) किंवा रिले बल्बला, लॉकच्या मोटरला, हॉर्नला सप्लाय देतो. म्हणजे इनपुट, मधला मेंदू, आउटपुट असे तीन भाग झाले. चुकीचा निरोप आला तर चांगला बीसीएमही चुकीचंच काम करणार. दार बंद असताना स्विच दार उघडं आहे म्हणून सांगत असेल तर दिवा पेटताच राहणार, त्यात बीसीएमचा काय दोष.

मग कोडचं काय? यू ने सुरू होणारे कोड म्हणजे मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, एकमेकांशी बोलताना अडचण आली. यू ०१४० चा अर्थ, दुसऱ्या कुठल्यातरी मॉड्यूलला बीसीएमचा आवाज ऐकू आला नाही. का आला नाही ते कोड सांगत नाही, फ्यूज सैल असेल, अर्थ गेला असेल, हे ज्या बसवरून (सामाईक वायरींवरून) बोलतात तिची वायर तुटली असेल, किंवा नुसती बॅटरी एवढी उतरली असेल की स्टार्टर मारताना व्होल्टेज खाली गेलं आणि मॉड्यूल क्षणभर बंद पडला. तुमची बॅटरी दोन दिवसात उतरते म्हणताय, मग यू कोड येणारच, मला त्यात काही विशेष वाटत नाही. बी कोड बॉडीचे, त्यातले बरेचसे प्रत्येक कंपनीचे स्वतःचे असतात, एकाच नंबरचा अर्थ दोन गाड्यांत वेगळा निघू शकतो, त्यामुळे त्या गाडीच्याच मॅन्युअलमध्ये बघायचं, इंटरनेटवर कोड टाकून मिळालेल्या पहिल्या उत्तरावर जायचं नाही. सगळे कोड लिहून घ्या, पुसून टाका, बॅटरी पूर्ण चार्ज करा, दोन दिवस गाडी चालवा आणि परत कोणते येतात ते बघा. जे परत आले त्यांच्याच मागे लागायचं.

बॅटरीपासून सुरुवात करायची ह्याला माझ्याकडे अपवाद नाही. गाडी काही तास उभी राहिल्यावर साधारण १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी झालेली. स्टार्टर मारताना मीटर बॅटरीवर ठेवा, ९.६ च्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.७ च्या मधे कुठेतरी दिसलं पाहिजे, पण चार्जिंग बॅटरीच्या सेन्सरवरून ठरवणाऱ्या नव्या गाड्यांत हा आकडा खालीवर होतो, तेव्हा तेवढ्यावरून अल्टरनेटरवर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) खापर फोडू नका. आणि इथे एक कळकळीची विनंती. अल्टरनेटर चालतोय का बघायला चालू इंजिनवर बॅटरीची तार काढण्याची जुनी सवय अजून काही जणांना आहे. त्या क्षणी अल्टरनेटरचं व्होल्टेज एकदम उसळतं आणि त्या उसळीत मॉड्यूल जळतात. आधी ठीक असलेला बीसीएम ह्याच परीक्षेत मेलेला मी पाहिलाय. कृपा करून हे कोणी करू नका आणि आपल्या गाडीवर कोणाला करू देऊ नका.

बॅटरी ठीक झाली की लगेच मीटर घेऊन आत घुसायचं नाही, आधी कागद घ्यायचा. त्यावर सगळी लक्षणं लिहायची आणि त्यांच्यात सामाईक काय आहे ते सर्किट डायग्राममध्ये शोधायचं. एकच फ्यूज आहे का, एकच अर्थ पॉइंट आहे का, एकाच कप्लरमधून जातात का, एकाच दारातून येतात का. अर्धं काम इथेच होतं. तुमच्या गाडीत मला तरी तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. आपोआप लॉक, दिवा न विझणं आणि बॅटरी उतरणं हे तिन्ही एकाच दाराच्या निरोपाशी जुळतात. मागचा इंडिकेटर ही वेगळी भानगड असावी. वायपर तिसरी. सगळं एकाच वेळी सुरू झालं म्हणून कारण एकच असेल असं धरून चाललात की मग बीसीएमच समोर येतो, कारण सगळ्यांच्या मधोमध तोच बसलेला असतो.

आता दाराचं बघू, कारण ह्यात तुमचं मोठं उत्तर असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. बऱ्याच गाड्यांत रिमोटने अनलॉक केल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात कुठलंच दार उघडलं नाही तर गाडी स्वतःहून परत लॉक होते, चुकून रिमोट दाबला गेला असेल म्हणून ठेवलेली ही सोय आहे. आता समजा तुम्ही दार उघडलंत पण बीसीएमला ते कळलंच नाही, तर तो नियमाप्रमाणे लॉक करणार. आणि कधी दार बंद असून उघडं असल्याचा निरोप गेला तर दिवा विझणार नाही. म्हणजे निरोप कधी असा कधी तसा जातोय, स्विच किंवा त्याची वायर धरसोड करतेय. आणि रात्री गाडी उभी असताना हाच निरोप मधेमधे हलला की दर वेळी बीसीएम जागा होतो, बसवरच्या बाकीच्यांनाही जागं करतो, आणि ही मंडळी रात्रभर झोपत-उठत बॅटरी पितात.

हे तपासायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे स्कॅनरचा लाइव्ह डेटा. बीसीएममध्ये जाऊन ड्रायव्हर डोअर, पॅसेंजर डोअर अशा ओळी उघडा, त्यात उघडं-बंद दिसतं. एक माणूस स्क्रीनकडे बघत बसेल, दुसऱ्याने एकेक दार सावकाश उघडायचं, लावायचं, आणि महत्त्वाचं म्हणजे दार अर्धवट उघडं ठेवून दार आणि खांबाच्या मधली ती रबरी नळी हाताने दाबायची, पिळायची, वाकवायची. स्क्रीनवरचं उघडं-बंद फडफडलं की दोष हातात आला.

त्या नळीत काय होतं ते मी एकदा नीट दाखवतो. दार दिवसातून कितीतरी वेळा उघडतं, त्या नळीतल्या वायरी दर वेळी त्याच जागी वाकतात. काही वर्षांनी आतलं तांबं एकेक तार करून तुटत जातं पण वरचं प्लॅस्टिक मऊ असल्यामुळे ते तसंच अखंड दिसतं. बाहेरून बघून काही कळत नाही. माझ्याकडे अशीच एक गाडी आली होती, दोन ठिकाणी फिरून आलेली, लॉक कधी चालायचं कधी नाही, एका ठिकाणी दुसरा बीसीएम लावूनही बघून झालेला आणि फरक शून्य. मी रबरी नळी खांबाच्या बाजूने सोडवली, मागे सरकवली आणि आतल्या वायरी एकेक करून दोन बोटांत धरून हलक्या हाताने ओढल्या. चांगली वायर ओढली की ताठ लागते. त्यातली एक तपकिरी वायर मात्र रबरासारखी ताणली गेली, सोडली की परत जागेवर. आत तांबं नव्हतंच, दोन टोकं प्लॅस्टिकच्या आत एकमेकांना टेकून होती, दार एका कोनात असलं की चिकटायची, दुसऱ्या कोनात सुटायची. वायर त्याच जाडीची आणि लवचिक घेऊन, जोड वाकणाऱ्या जागेपासून लांब दोन्ही बाजूंना आत सरकवून केला. जोड नळीच्या आत ठेवलात तर सहा महिन्यांनी परत तिथेच तुटेल. आणि एक वायर तुटली असेल तर शेजारच्याही त्याच वयाच्या आहेत, सगळ्या ओढून बघा.

स्विच स्वतःही खराब होतं. हल्ली बऱ्याच गाड्यांत दाराचं वेगळं बटन नसतं, लॉकच्या लॅचमध्येच (दार अडकवणारी कळ) बारीक स्विच असतं आणि जुनं ग्रीस घट्ट झालं किंवा ओल शिरली की ते अडकतं. वायर ठीक निघाली तर लॅच. मात्र एक ध्यानात ठेवा, दार उघडल्यावर स्विच जोडलं जातं का सुटतं हे गाडीगणिक बदलतं, डायग्राम बघितल्याशिवाय वायर अर्थला टेकवून निष्कर्ष काढू नका.

बॅटरी कुठे जातेय ते मोजायची पद्धत सांगतो, कारण ह्यात सगळ्यात जास्त चुका होतात. अँपिअर मीटर लावला, दोन अँपिअर दिसले, लगेच फ्यूज उपटायला सुरुवात, असं करायचं नाही. गाडी बंद केल्यावर सगळे मॉड्यूल झोपायला वेळ लागतो, कुठे पाच मिनिटं, कुठे वीस, कुठे चाळीस. बॉनेट उघडं ठेवून मोजायचं असेल तर त्याच्या लॅचची जीभ स्क्रू ड्रायव्हरने बंद करून ठेवा, दार उघडं ठेवायचं असेल तर दाराच्या लॅचचंही तसंच, म्हणजे बीसीएमला सगळं बंद वाटेल (मोजून झालं की दार लावण्याआधी हँडल ओढून लॅच परत उघडा, नाहीतर दार आपटून लॅच मोडतो). चावी गाडीपासून लांब ठेवा, चावी खिशात ठेवूनच उघडणारी गाडी असेल तर हे विसरायचंच नाही. मग थांबा. झोपल्यावर साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत आलं पाहिजे. ५०० मिलीअँपिअर राहिले तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात, ४५ ची बॅटरी दोन दिवसात निम्म्याहून खाली, तुमचं लक्षण नेमकं हेच आहे.

आणि फ्यूज उपटू नका. फ्यूज काढून परत घातला की त्यावरचा मॉड्यूल जागा होतो आणि दोष तेवढ्यापुरता गायबही होऊ शकतो, मग शोधत बसा. त्यापेक्षा मीटर मिलीव्होल्टवर ठेवून फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन उघड्या टोकांवर प्रोब (मीटरच्या तारांची टोकं) टेकवा. फ्यूजला स्वतःचा अगदी थोडा रोध असतो, १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजला साधारण ७-८ मिलीओहम, म्हणजे १ मिलीव्होल्ट दिसला तर सुमारे १३० मिलीअँपिअर वाहतोय. ज्या फ्यूजवर शून्य नाही तिथे करंट आहे. सगळे फ्यूज जागेवर ठेवून पाच मिनिटांत पूर्ण बॉक्स तपासून होतो. कोणत्या फ्यूजला किती मिलीव्होल्ट म्हणजे किती करंट ह्याचे तक्ते मिळतात, एक छापून टूलबॉक्समध्ये ठेवा.

ह्याच वेळी बाहेरून बसवलेल्या वस्तूही बघून घ्या. जादा अलार्म, स्टिरिओ, डॅशकॅम, पायाखालचे एलईडी, रिव्हर्स कॅमेरा. ह्यांची वायर कुठून घेतली आहे? मूळ वायरीवर चिमटा मारून घेतली असेल तर तो चिमटा तांब्याचे केस कापतो, तिथे ओल शिरते, आणि काही वर्षांनी तिथूनच दोष सुरू होतो. माझ्याकडे आलेली गाडी मी आधी ह्या वस्तूंपासून मोकळी करतो आणि मगच शोधायला सुरुवात करतो.

आता इंडिकेटर. भराभर मारणं हा बीसीएमचा दोष नाही, ती त्याची सूचना आहे. तो त्या बाजूच्या बल्बांचा करंट बघत असतो, २१ वॉटचा बल्ब साधारण पावणेदोन अँपिअर घेतो, तो गेला किंवा होल्डर सैल झाला की करंट कमी दिसतो आणि तो वेग वाढवतो. कोणी मूळ बल्बच्या जागी एलईडी टाकला असेल तरी असंच होतं, कारण एलईडी फारच कमी करंट घेतो. होल्डर काढून बघा, प्लॅस्टिक पिवळं पडलेलं किंवा वितळलेलं दिसेल, पितळी पट्टीवर काळा थर दिसेल. आणि एक छान परीक्षा करा. इंडिकेटर बंद ठेवून पार्किंग लाइट लावा, मग ब्रेक दाबा. ब्रेक दाबल्यावर पार्किंगचा उजेड बदलला, किंवा इंडिकेटरचा बल्ब मंद पेटला, तर मागच्या लाइटचा सामाईक अर्थ गेला. करंटला अर्थकडे जायला वाट मिळत नाही म्हणून तो शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटा वाट काढतो. हे दिसलं की बल्ब, बीसीएम सगळं सोडा आणि डिकीच्या पत्र्यावरचा अर्थचा नट शोधा.

अर्थिंगवर जरा थांबतो कारण इथे मीटर माणसाला फसवतो, आणि ह्यात किती चांगले बीसीएम फुकट बदलले गेले असतील ह्याचा विचार केला की खरंच वाईट वाटतं. समजा एका जाड वायरीचे सगळे धागे तुटलेत आणि एकच केस उरलाय. ओहमवर मीटर लावा, जवळपास शून्य दाखवेल, सगळं उत्तम. नुसता व्होल्टेज बघा, पूर्ण १२ दाखवेल, तेही उत्तम. कारण मीटर स्वतः करंट जवळपास घेतच नाही. पण त्या वायरीवरून पाच अँपिअर मागितले की तो एक केस दम तोडतो. म्हणून अर्थ नेहमी लोडवर, म्हणजे करंट वाहत असताना, तपासायचा. मीटर डीसी व्होल्टवर, एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा बीसीएमच्या अर्थ पिनला कप्लरच्या मागच्या बाजूने, आणि मग हेडलाइट, डिफॉगर, ब्लोअर सगळं चालू करा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगला. अर्धा व्होल्ट, एक व्होल्ट दिसायला लागला तर तेवढं व्होल्टेज त्या गंजात अडकतंय. सप्लायच्या बाजूलाही तसंच, बॅटरी पॉझिटिव्ह ते बीसीएमची सप्लाय पिन, तिथे ०.२ पर्यंत मी चालवून घेतो. बीसीएमला सहसा एक सप्लाय नसतो, वेगवेगळ्या आउटपुटसाठी वेगवेगळे फ्यूज येतात, अर्थही दोन-तीन असतात, त्यामुळे लॉक चालतंय पण लाइट नाही असं झालं तर त्याला एका फ्यूजवरचा सप्लायच मिळत नसेल. सगळ्या पिना बघा. माझ्याकडे २१ वॉटचा बल्ब दोन वायरींना लावून ठेवलेला आहे, कप्लर काढून सप्लाय आणि अर्थच्या पिनांमधे तो जोडतो, झगझगीत पेटला तर पिना चांगल्या, मंद पेटला तर नाही. मात्र हा बल्ब फक्त जाड सप्लायच्या पिनांवर, सिग्नलच्या बारीक पिनांवर नाही, आणि पिवळ्या कप्लरच्या म्हणजे एअरबॅगच्या वायरींवर तर कधीच नाही. तिथे ओहम मीटरही लावायचा नाही.

पिनेत प्रोब खुपसू नका हेही इथेच सांगतो. मादी पिन एकदा फाकली की ती कायमची सैल. मागून बारीक सुई घालून मोजायचं.

वायपरचं दोन बाजूंनी बघायचं. बऱ्याच दांड्यांमध्ये एकाच वायरीवर वेगवेगळे रोध असतात, थांबून-थांबून, हळू, जोरात, प्रत्येक जागेला वेगळं व्होल्टेज, आणि बीसीएम त्या व्होल्टेजवरून ठरवतो तुम्ही काय मागितलं. कॉन्टॅक्टवर कार्बन साचला की व्होल्टेज सरकतं आणि दांडा बंदवर असूनही एक फेरा मागितला असं वाचलं जातं. लाइव्ह डेटात वायपर स्विचची ओळ बघा, दांडा न हलवता ती बदलली तर दांडा किंवा त्याची वायर. बदलली नाही तरी वायपर फिरला, तर दोष पुढे, आउटपुटच्या बाजूला. काचेवर रेन सेन्सर असेल आणि दांडा ऑटोवर राहिला असेल तर सेन्सर काचेपासून सुटलाय का तेही बघा, मधे हवा शिरली की त्याला पाऊस दिसतो.

दुसरी बाजू पाण्याची. पायाखालचं कारपेट उचला आणि खालचा फोम हाताने दाबा. नुसतं वरून कोरडं लागलं म्हणून सोडू नका, फोम आतून महिनोन् महिने ओला राहतो. बीसीएम बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डखाली बाजूच्या कोपऱ्यात बसवलेला असतो आणि पाणी नेमकं तिथे उतरतं. समोरच्या काचेच्या चिकटपट्टीतून, वायपरखालच्या खोबणीचं भोक पाल्याने तुंबल्यावर, नाहीतर एसीच्या पाण्याची नळी चोंदल्यावर. पाणी वायर धरून घरंगळत कप्लरपर्यंत येतं. एका गाडीचा कप्लर काढला तेव्हा बाहेरून स्वच्छ होता, पण टॉर्च मारून आत बघितलं तर पॉझिटिव्हची पिन हिरवट पावडरीत गाडलेली आणि शेजारची अर्थची पिन जवळपास नवी. ओल असताना कायम १२ व्होल्ट असलेली पिनच आधी विरघळते, त्यामुळे सगळ्यात खाल्लेली पिन कोणती ते बघून पाणी कुठल्या कप्लरमध्ये किती दिवस आहे त्याचा अंदाज येतो. आणि ती ओल दोन पिनांमध्ये रोधासारखं काम करते. इनपुटच्या वायरीवर करंट अगदी थोडा असतो, काही किलोओहमची ओलही स्विच दाबल्याचा भास निर्माण करायला पुरते. तुमचा वायपर पाऊस पडून गेल्यावर किंवा गाडी धुतल्यावर जास्त नाचतो का, हे आठवून बघा, हे कळलं तर खूप काही कळेल. गळती बंद केल्याशिवाय नुसते कप्लर साफ करणं व्यर्थ आहे. आणि हार्नेस परत बसवताना वायर कप्लरच्या आधी थोडी खाली झुकू द्या, म्हणजे पाणी त्या झोळातून ठिबकून खाली पडेल, कप्लरमध्ये जाणार नाही.

नेटवर्कचं आता थोडक्यात, कारण वरचं सगळं नीट निघालं तरच इथे यायचं. हायस्पीड कॅन ही मॉड्यूलना जोडणारी दोन वायरींची बस, तिच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोध असतात, त्यामुळे बॅटरी काढून दोन वायरींमध्ये मोजलं की ६० ओहम दिसतात. १२० दिसले तर एक टोक सुटलंय, जवळपास शून्य दिसला तर दोन वायरी कुठेतरी टेकल्यात. डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये (जिथे स्कॅनर लावतात) ह्या वायरी ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर येतात. पण बऱ्याच नवीन गाड्यांत सॉकेट गेटवेच्या (वेगवेगळ्या बस जोडणारा मॉड्यूल) मागे असतो, तिथे दिसलेले ६० ओहम बॉडीच्या बसबद्दल काहीच सांगत नाहीत. आणि बॉडीची बस काही गाड्यांत कमी वेगाची, १२५ केबीपीएसची, दोष सहन करणारी जात असते, तिला हा ६० ओहमचा नियम लागू नाही. हायस्पीडमध्ये शांत असताना दोन्ही वायरींवर अडीच व्होल्ट असतात, ह्या जातीत एकीवर जवळपास शून्य आणि दुसरीवर जवळपास पाच. हे माहीत नसलेला माणूस चांगल्या बसला शॉर्ट म्हणून मोकळा होतो. दारातले विंडो स्विच, रेन सेन्सर असे छोटे भाग लिन नावाच्या एका वायरीवर असतात, ती शांत असताना बॅटरीएवढं व्होल्टेज दाखवते. ती शून्यावर खिळली असेल तर तिच्यावरचे भाग एकेक करून काढायचे, ज्याला काढल्यावर व्होल्टेज वर आलं तो धरायचा. कॅनच्या वायरी जोडायची वेळ आली तर त्यांचा पीळ सोडू नका, पीळ बाहेरचा त्रास रोखण्यासाठीच असतो.

मग बीसीएमला दोषी कधी ठरवायचं? माझा नियम असा. सगळ्या सप्लाय आणि अर्थ पिना लोडवर तपासून चांगल्या. इनपुट बीसीएमच्या पिनेपर्यंत बरोबर येतंय आणि लाइव्ह डेटात बरोबर दिसतंय. स्कॅनरच्या अॅक्टिव्ह टेस्टमधून त्या आउटपुटला चालू म्हणून हुकूम दिला. आणि तरीही त्या आउटपुटच्या पिनेवर व्होल्टेज नाही. पुढची वायर कुठे अर्थला टेकलेली नाही हे मोजून झालंय आणि बल्ब किंवा मोटर बाहेरून सप्लाय दिल्यावर चालतेय. एवढं सगळं झालं तर हो, आतला ड्रायव्हर किंवा रिले गेला. उलटही होतं, बंदचा हुकूम असून पिनेवर व्होल्टेज राहतं, म्हणजे आतल्या रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले. पण एक सावधानता. ह्या ड्रायव्हरना स्वतःचं संरक्षण असतं, शॉर्ट दिसला की ते आउटपुट बंद करतात. काही गाड्यांत इग्निशन बंद-चालू केल्यावर ते परत सुरू होतं, काहींत शॉर्टची मोजदाद ठेवलेली असते आणि ठरावीक वेळा झाला की ते आउटपुट स्कॅनरने रीसेट करेपर्यंत बंदच राहतं. शॉर्ट काढून, कोड पुसून, रीसेट करून बघितल्याशिवाय मेला म्हणू नका. आणि खरंच मेला असेल तर कशाने मेला ते आधी शोधा, नाहीतर नवीनही त्याच वाटेने जाईल.

बदलायचाच झाला तर जुना काढण्याआधी त्यातली माहिती वाचून जपून ठेवायला सांगा. त्यात गाडीला कोणकोणती सोय आहे त्याचं कोडिंग असतं आणि अनेक गाड्यांत चाव्या आणि इमोबिलायझरही (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी सोय) त्यातच बांधलेला असतो, नुसता कप्लर लावून गाडी सुरू होईलच असं नाही. दुसऱ्या गाडीतून काढलेला बीसीएम घ्यायचा असेल तर तो तुमच्या गाडीला बांधता येतो का हे विकत घेण्याआधी विचारा, नंतर नाही. प्रोग्रॅमिंग चालू असताना व्होल्टेज स्थिर राहील असा चार्जर लावलेला पाहिजे, मधेच व्होल्टेज पडलं तर चांगला मॉड्यूलही अर्धवट अवस्थेत अडकतो.

तर तुम्ही आता ह्या क्रमाने जा. बॅटरी चार्ज करून कोड पुसा. लाइव्ह डेटा लावून चारही दारं आणि डिकी तपासा, ड्रायव्हरच्या दारापासून सुरुवात करा, तेच सगळ्यात जास्त उघडतं. मागच्या उजव्या लाइटचा होल्डर आणि अर्थ बघा. कारपेट दाबून बघा. दार दुरुस्त झाल्यावर काचा वर-खाली पूर्ण नेऊन बटन काही सेकंद धरून ठेवा, बॅटरी काढलेली असेल तर ऑटो विंडो ही शिकवणी झाल्याशिवाय चालत नाही आणि माणूस उगाच नवीन दोष समजून घाबरतो. मग गाडी रात्रभर लॉक करून ठेवा आणि सकाळी दार उघडण्याआधी बॅटरीचं व्होल्टेज घ्या. बॉनेट उघडायचा खटका गाडीच्या आत असतो, त्यामुळे बॉनेट आदल्या रात्रीच उघडून, लॅच स्क्रू ड्रायव्हरने बंद करून ठेवावं लागेल. रात्रीचा आकडा आणि सकाळचा आकडा दोन्ही लिहून ठेवा, आणि दाराच्या नळीत काय निघालं तेही कळवा.